रुईच्या फुलात मकरंद कुठून येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी अ‍ॅपोसायनेसी कुळातल्या फुलांमधल्या स्रावी (म्हणजे रस पाझरणाऱ्या) रचना हा विषय घेतला आहे. आवारात रुई, सदाफुली, कण्हेर, तगर आणि चाफा हाताशी आहेत. रुईवर मोठे काळे भुंगे दिवसभर येतात, म्हणजे मकरंद असणारच. पण वीस-पंचवीस फुलं उभी चिरूनही मधुग्रंथी सापडली नाही, आणि पुस्तकात तर बीजांडकोशाभोवती चकती नसते असं दिलंय. मग मकरंद येतो कुठून? आणि बाकीच्या फुलांत नेमकं काय बघायचं?

मधुग्रंथी तुम्हाला सापडली नाही असं नाही. ती तुम्ही वीस-पंचवीस वेळा चिरलीत, फक्त ओळखली नाहीत. यात तुमचा दोष थोडाच आहे. वर्गात आपण मधुग्रंथी शिकवतो ती लिंबाच्या फुलातली: बीजांडकोशाच्या बुडाशी बसलेली, डोळ्यांना दिसणारी, बोटाने दाखवता येणारी हिरवट चकती. त्यामुळे ग्रंथी म्हणजे काहीतरी उंचवटा, गोळा, कडं असणार अशी नजर तयार होते. रुईत असला कुठलाही गोळा नाही. तिथे पाच अरुंद कोनाडे आहेत आणि त्या कोनाड्यांच्या भिंतीची अपित्वचा, म्हणजे पेशींचा सगळ्यांत बाहेरचा थर, हीच मधुग्रंथी.

एक फूल टेबलावर घेऊन हे क्रमाने बघू. सकाळी नुकतं उमललेलं फूल घ्या. देठ तोडला की चीक वाहतो, तो पाण्यात धुऊन टाका, नाहीतर पाच मिनिटांत सगळं फूल चिकट आणि पांढरं होतं. पाकळ्या मागे वळवा. मधे जो खांब उभा आहे त्याला चिकटून पाच मांसल, बाजूने दाबल्यासारखे पंख दिसतात, हा कॉरोना. खांबाच्या माथ्यावर पाच कोनांची सपाट फिकट चकती आहे. विद्यार्थी हटकून तिला कुक्षी म्हणतात आणि आकृतीत तसं लिहून मार्क घालवतात. ती कुक्षीवृंताचा, म्हणजे बीजांडकोशावरच्या दांड्याचा, फुगलेला माथा आहे. पराग ग्रहण करणारा भाग वर नाहीच, तो खाली आत दडलेला आहे.

आता भिंगाखाली त्या चकतीचे पाच कोपरे बघा. प्रत्येक कोपऱ्यात गडद तपकिरी, जवळजवळ काळा ठिपका दिसेल. त्या ठिपक्याच्या बरोबर खाली एक उभी फट आहे. शेजारशेजारच्या दोन परागकोशांच्या कडक कडा एकमेकींना जवळपास टेकतात, त्यांच्यामधली ही फट. लाकडी कपाटाच्या सरकत्या दारांमधली चीर असते तशी. या फटीमागे कोनाडा आहे. पाच ठिपके, पाच फटी, पाच कोनाडे.

बारीक ब्रशचा एक केस तोडून घ्या, फटीच्या खालच्या टोकाला आत घाला आणि सावकाश वर ओढा. वर पोचताच तो हलकासा अडकतो. आणखी जरा ओढलंत की काळा ठिपका सुटून केसाबरोबर बाहेर येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पिवळी, चपटी पिशवी लोंबत असते. या पिशव्या म्हणजे परागपुंज. दोन पिशव्या दोन वेगवेगळ्या परागकोशांतल्या असतात, एकाच्या नव्हेत, हे नीट टिपून ठेवा. ब्रशचा केस हा इथे भुंग्याचा पाय किंवा सोंड. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा केस चार वेळा मोडला आणि पाचव्या वेळी परागपुंज बाहेर आले, तेवढं चालतं.

आता तुमचा उभा छेद. पाच बाजूंचं फूल बरोबर मधोमध चिरलं तर एका बाजूला परागकोश चिरला जातो आणि समोरच्या बाजूला फट येते. सम संख्येच्या फुलात असं होत नाही, पाचाच्या फुलात होतंच. म्हणजे प्रत्येक छेदात एक कोनाडा तुमच्या पात्याखाली होता. पण ब्लेडने त्याच्या नाजूक कडा फाटतात, आत साठलेला थेंब पसरतो आणि सगळं ओलं, चिकट, निरर्थक दिसतं. म्हणून आडवा छेद घ्या, खांबाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शातून. मायक्रोटोम (पातळ छेद कापायचं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर गाजरात धरून हाताने काढलेलाही चालतो. टोल्युडीन ब्लू लावल्यावर कोनाड्याच्या भिंतीशी लहान पेशींची दाट ओळ गडद रंग घेते. पेशीद्रव्य भरगच्च, केंद्रक मोठं, रिक्तिका लहान. बाजूच्या मोठ्या, फिकट, पाणीदार पेशींपासून ती ओळ स्पष्ट वेगळी दिसते. पुस्तकात न सापडलेली मधुग्रंथी ती हीच.

इथे मकरंद तयार होतो, पण कीटक तो इथे पीत नाही. कोनाड्यातून तो केशाकर्षणाने खालून बाहेर सरकतो आणि कॉरोनाच्या बुडाशी असलेल्या पोकळीत जमतो. ही वाट डोळ्यांनी बघायची असेल तर रुईपेक्षा हळदीकुंकू बरं. तेच, लाल-पिवळ्या फुलांचं, अमेरिकेतून येऊन आपल्या ओढ्याकाठी आणि बागांत रुळलेलं अ‍ॅस्क्लेपियास क्युरासाव्हिका. त्याच्या कॉरोनाचे पाच पिवळे पेले असतात, प्रत्येकात एक शिंग, आणि सकाळी पेल्यात मकरंद चकाकताना साध्या भिंगातून दिसतो. साहजिकच कुणालाही वाटेल की पेलाच तो पाझरतो. मलाही वाटलं होतं. पदव्युत्तर वर्षात मी पेल्याच्या आतल्या कातडीला झोकात बाण काढून ‘मधुग्रंथी’ लिहिलं होतं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: “टाकीत पाणी दिसलं म्हणजे टाकी विहीर होते का?” या वनस्पतीवरच गलिल आणि झेरोनी या इस्रायली अभ्यासकांनी 1965 साली दाखवून दिलं की मकरंद कुक्षीच्या कोनाड्यात स्रवतो आणि केशाकर्षणाने पेल्यात येतो. पेला ही टाकी.

एवढ्या आडवळणाने मकरंद का जावा, असा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. कारण या द्रवाला दोन कामं आहेत. कीटकाने आणलेला परागपुंज त्याच फटीतून त्याच कोनाड्यात शिरतो, तिथे अडकतो आणि तिथल्या मकरंदात भिजून त्यातले पराग रुजतात. परागनलिका तिथून आत जाते. म्हणजे कीटकाचं आमिष आणि पराग रुजण्याचा वाफा, दोन्ही एकच रस. यात एक नाजूक बाजू आहे. उन्हाने पाणी उडून साखर फार दाट झाली की पराग रुजत नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या अ‍ॅस्क्लेपियास सिरियाकावर हे दाखवलं गेलंय, आणि मकरंदात किण्व वाढलं तरी रुजवण अडते असंही. तुमच्याकडे हातातला रिफ्रॅक्टोमीटर असेल तर रुईच्या एकाच झाडावर सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता साखरेचं प्रमाण मोजा. हा तक्ता कुणी फारसा करत नाही आणि करायला काही खर्च नाही.

इथवर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण माझ्या मते या कुळातली खरी गंमत मकरंदात नाही, त्या काळ्या ठिपक्यात आहे. प्रकल्पाचा कणा मी तोच करीन.

तो ठिपका म्हणजे चिमटा. मधे उभी चीर असलेला, कडक, आणि त्याला दोन बारीक दांड्या, दांड्यांना परागपुंज. त्याची स्लाइड करून उच्च भिंगाखाली बघा: पेशी दिसणार नाहीत. एकही नाही. कारण तो ऊतीचा तुकडाच नव्हे. तो स्राव आहे. कुक्षीवृंताच्या माथ्यावरच्या अपित्वचेच्या पेशी पाच ठरावीक जागी उभट, एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि एक द्रव बाहेर टाकतात. तो द्रव त्या जागेच्या खाचेत साचतो, थरावर थर चढतो आणि घट्ट होतो. साच्यात लाख ओतावी आणि निवल्यावर काढावी, तसं. दांड्याही अशाच, शेजारच्या स्रावी पट्ट्यांतून. फूल उमलेपर्यंत दांडीचं टोक परागपुंजाला जाऊन चिकटलेलं असतं. प्राणी किंवा वनस्पती आपल्या स्रावातून ठरावीक आकाराचं, बिजागरीसारखं काम करणारं उपकरण घडवते अशी उदाहरणं शोधायला गेलात तर फार नाहीत. इथे ते आपल्या बांधावर, एसटी स्टँडच्या मागच्या उकिरड्यावर उभं आहे.

हे घडताना बघायचं तर उमललेलं फूल कामाचं नाही. एकाच गुच्छातल्या कळ्या लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावा, आणि प्रत्येकीचा माथा बारीक फोर्सेप्सने सोडवून घ्या. अगदी लहान कळीत पाच कोपरे नुसते ओलसर चकचकतात. मग त्या जागी दोन समांतर फिकट रेघा दिसतात. पुढे त्या जवळ येऊन पिवळसर होतात, मग तपकिरी. चिमट्याच्या दोन बाजू आधी वेगळ्या तयार होतात आणि नंतर जुळतात, हे त्या रेघांवरून कळतं. सगळ्या कळ्या एकाच स्लाइडवर ओळीने ठेवून फोटो काढलात तर तुमच्या प्रबंधातलं ते सर्वांत बोलकं पान होईल.

आता हा माथा बाकीच्या झाडांत काय करतो ते बघा, म्हणजे तुमची यादी आपोआप एका सूत्रात येते.

सदाफुलीची नळी उभी चिरा. ही बारीक नळी, त्यामुळे दाढीच्या नव्या ब्लेडशिवाय जमत नाही. घशाशी पाच परागकोश आणि त्यांच्या खाली लहानशा ढोलासारखा माथा, ढोलाच्या बुडाला झालरीसारखा पारदर्शक घेर. ढोलाच्या बाजूने चिकट द्रव सुटतो. टाचणीचं टोक लावून मागे घ्या, तार निघते. पराग माथ्यावर पडतात आणि तिथेच थांबतात. परागग्रहण होतं ते झालरीच्या आतल्या, खालच्या भागात. फुलपाखराची सोंड आत जाताना कोरडी असते. बाहेर येताना आधी झालर तिच्यावरचे आधीच्या फुलाचे पराग पुसून घेते, मग गोंद लागतो, मग वरचे ताजे पराग त्या गोंदाला चिकटतात. क्रम बदलला तर फूल स्वतःच्याच परागाने माखेल, म्हणून जागांची रचना एवढी काटेकोर. सदाफुलीत मधुग्रंथीही सरळ दिसते: दोन बीजांडकोशांच्या आलटून पालटून दोन उभट पिवळट ग्रंथी. तुमच्या यादीतली ही एकमेव ‘पाठ्यपुस्तकी’ मधुग्रंथी, तेव्हा सुरुवात इथून करा, हात बसेल.

कण्हेरीत परागकोश त्या माथ्याला गोंदाने आणि केसांनी असे घट्ट चिकटलेले असतात की सगळा मिळून एक शंकू तयार होतो, वर परागकोशांच्या पिसासारख्या शेपट्या पिळलेल्या. गोंद आहे, यंत्रणा आहे, पण मकरंद नाही. कण्हेर कीटकाला फसवते. म्हणून मधुग्रंथी सापडली नाही तर ‘आढळली नाही’ एवढंच लिहून सोडू नका. नसणं हेच निरीक्षण आहे.

रुई आणि सदाफुली यांच्यामधलं एक झाड मात्र तुमच्या यादीत नाही आणि ते हवंच: अनंतमूळ, काही जण उपळसरी म्हणतात. कुंपणाच्या आडोशाला, पानांवर पांढरट पट्टे असलेली बारीक वेल. फुलं इवलीशी, बाहेरून हिरवट आणि आतून जांभळट. तिच्यात माथ्याने केलेला स्राव चमच्याच्या आकारात घट्ट होतो. परागकण चौकडीने चिकटलेले असतात, ते या चमच्यात सांडतात, आणि चमच्याच्या देठाला खाली चिकट चकती असते ती कीटकाला डकते. म्हणजे सदाफुलीत नुसता गोंद, अनंतमुळात गोंद लावलेला चमचा, रुईत गोंदाची गरजच नसलेला यांत्रिक चिमटा. शिक्षकांना हे फार आवडतं. पण शिडीसारखं मांडू नका. आजची सदाफुली ही रुईची आजी नव्हे. दोघी आपापल्या वाटेने इथवर आलेल्या आहेत. ‘एकाच अवयवाच्या स्रावाचे तीन उपयोग’ असं लिहा आणि थांबा.

याला एक जुना संदर्भ आहे. रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1810 मध्ये रुईचं कुळ अ‍ॅपोसायनेसीतून वेगळं काढलं ते याच परागपुंजांच्या आणि चिमट्याच्या आधारावर. पुढे याच गटाच्या आणि ऑर्किडच्या परागीभवनावर काम करताना त्याने पेशीतल्या त्या गोल ठिपक्याला ‘न्यूक्लियस’ हे नाव दिलं, 1831 साली. कुकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या जुन्या वर्णनग्रंथात, म्हणूनच अ‍ॅपोसायनेसी आणि अ‍ॅस्क्लेपियाडेसी ही दोन वेगळी कुळं सापडतील. आता दोन्ही एकत्र आहेत आणि रुई ही अ‍ॅस्क्लेपियाडॉइडी या उपकुळात जाते. जुन्या फ्लोराचे आणि नव्या शोधनिबंधांचे उतारे एकत्र वापरताना हे एका वाक्यात स्पष्ट करा, नाहीतर तोंडी परीक्षेत पाच मिनिटं यातच जातील.

तगरीत बघायचं ते वेगळंच. आधी एकेरी तगर शोधा. बागेतली दुहेरी तगर छेदासाठी निरुपयोगी, पुंकेसरांच्या जागी पाकळ्या झालेल्या असतात. फूल उपटून काढा म्हणजे देठाशी हिरवी निदलं राहतात. एक निदल बाहेरच्या बाजूला वाकवा. आतल्या बुडाशी, जिथे ते फुलाला टेकतं तिथे, बारीक बोटांसारख्या ग्रंथींची ओळ दिसेल. या कोलेटर. नाव ग्रीक ‘गोंद’ या शब्दावरून. कळी लहान असताना त्या भरात असतात, चिकट द्रव सोडून कळीला आतून वंगण घालतात आणि सुकण्यापासून वाचवतात. फूल उमलेपर्यंत बहुतेक तपकिरी पडतात, म्हणून कोवळी कळी घ्या. आडव्या छेदात रचना फार देखणी दिसते: मधे लांबट पेशींचा गाभा आणि भोवती उभ्या पेशींची एकच ओळ, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखी. कण्हेरीच्या निदलांच्या आतही भरपूर सापडतात. चाफ्यात शोधत बसू नका.

चाफ्याचं महत्त्व वासासाठी. रात्री दरवळणारा, पांढरा, लांब नळीचा. कुठल्याही पतंगाला वाटावं आत काहीतरी मिळेल. मिळत काही नाही. मध्य अमेरिकेत या फुलावर काम झालंय, आणि तिथे पतंग फसून येतात असंच दिसलं. चाफ्याच्या नळीत मकरंद शोधून निराश झालेले विद्यार्थी मी दरवर्षी बघायचो.

वासाच्या जागा शोधण्याची रीत सोपी आहे. न्यूट्रल रेडचं अगदी पातळ द्रावण, दहा हजारांत एक, नळाच्या पाण्यात करा. ताजं, न चुरगळलेलं फूल त्यात काही तास बुडवा आणि स्वच्छ पाण्यात धुवा. गंध सोडणाऱ्या अपित्वचेच्या पेशी लाल राहतात, बाकी फिकट. स्टेफान फोगेल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने साठच्या दशकात गंधग्रंथींवरच्या कामात ही पद्धत रूढ केली. पण नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नका. जिथे पाकळी दुमडली, जिथे नख लागलं, तिथेही लाल होतं. म्हणून जोडीला दुसरी, घरगुती चाचणी करा: पाकळ्यांची टोकं, नळी आणि निदलं वेगवेगळ्या झाकणाच्या बाटल्यांत अर्धा तास ठेवा आणि ज्याला कुठल्या बाटलीत काय आहे हे माहीत नाही अशा तिघा-चौघांना हुंगायला लावा. रंग आणि नाक जिथे जुळतात ती जागा खरी.

हे सगळं एकाच फुलात बघायचं तर सह्याद्रीत कंदीलपुष्प आहे, सेरोपेजिया, याच उपकुळातलं. काही भागांत तिच्या कंदाला खरपुडी म्हणून खातात. श्रावणाच्या सुमारास पठारांवर फुलते. खाली फुगीर खोली, वर नळी, आणि टोकाला पाकळ्या वर जुळून केलेला कंदिलाचा पिंजरा. वास त्या टोकांतून सुटतो. त्या वासाला भुलून चिलटाएवढ्या माश्या येतात, नळीच्या मेणचट आतल्या बाजूवरून घसरतात, आणि खाली रोखलेल्या केसांमुळे वर चढू शकत नाहीत. खोलीत फिकट खिडक्यांसारखे पट्टे असतात, माशी उजेडाकडे धडपडते, मधल्या कॉरोनातला मकरंद चाखते आणि चिमटा सोंडेला लागतो. नंतर केस सुकतात, फूल कलतं, माशी सुटते. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनाय या जातीचा वास तर जखमी मधमाशीसारखा असतो हे 2016 साली सिद्ध झालं: कोळ्याच्या तावडीतल्या मधमाशीचा रस चोरायला येणाऱ्या माश्यांना ती फसवते. गंधग्रंथी, मेण, मधुग्रंथी, चिमटा, चीक, सगळे स्राव एका बोटभर फुलात.

पण हे फूल तोडू नका. महाराष्ट्रातल्या बऱ्याच सेरोपेजिया फक्त सह्याद्रीत, त्याही एकेका डोंगरापुरत्या उरल्या आहेत. कंद उकरणं तर नाहीच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या जातींच्या संवर्धनाचं काम झालेलं आहे. रीतसर परवानगी मागून लागवडीतलं गळलेलं फूल मिळालं तर बघा. नाहीतर जागेवर फोटो घ्या. एका प्रकल्पापायी डोंगरावरचं शेवटचं फूल कापलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या स्लाइड पुढे कुणी उघडूनही बघितल्या नाहीत.

तंत्राच्या दोन-तीन गोष्टी, ज्यात वेळ वाया जातो. एफ.ए.ए.त (फॉर्मॅलिन, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात) फुलं टाकली आणि मग अल्कोहोलच्या पायऱ्यांतून मेणात नेली की तेलकट, गोंदासारखे स्राव विरघळून जातात. मग सुदान हा स्निग्ध द्रव्याचा रंग लावून काहीच लाल होत नाही आणि विद्यार्थी लिहितो ‘स्निग्ध द्रव्य नाही’. स्निग्ध द्रव्यासाठी ताज्या फुलाचा हातानं काढलेला छेद, तोच. चिकट शर्करायुक्त पदार्थासाठी रुथेनियम रेड हा रंग. मकरंदाची जागा हेरायला मधुमेहींच्या लघवी तपासणीच्या पट्ट्या उपयोगी पडतात, टोक बारीक कापून कोनाड्याच्या तोंडाशी टेकवायचं. पण ती पट्टी फक्त ग्लुकोजला बदलते, साखरेच्या बाकी प्रकारांना नाही. रंग बदलला नाही म्हणून मकरंद नाही असा निष्कर्ष काढू नका. आणि मकरंद मोजणार असाल तर आदल्या संध्याकाळीच कळ्यांना मलमलीची पिशवी बांधा. भुंगा आपल्याआधी उठतो.

चीकही स्रावी रचनाच आहे, पण तो तुमच्या प्रकल्पात फार ताणू नका. फुलातल्या चीकवाहिन्या खोडातल्यांपेक्षा वेगळ्या नाहीत, त्यांचं काम राखणीचं, आणि त्यावर स्वतंत्र प्रबंध होईल. त्यांची एक आकृती पुरे.

एक गोष्ट मात्र ताणून सांगतो. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करणारे हात आपल्याकडे शेकड्याने असतात, त्यामुळे हे झाड घरचं वाटतं. पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर सुरुवातीला फारसं दुखत नाही, आणि घात तिथेच होतो: दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, आणि काही तासांत बुबुळ सुजून धूसर दिसायला लागतं. तसं झालं तर भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. भिंगात बघताना चष्मा वर सारायची, पापणी चोळायची सवय आपल्या सगळ्यांना असते. हातमोजे घाला, आणि ते काढून, साबणाने हात धुऊन मगच मायक्रोस्कोपच्या आयपीसला हात लावा. तुमच्यानंतर त्याच आयपीसला दुसरं कुणीतरी डोळा लावणार आहे.